हॉल वाचवलात, आता त्याची शांतताही वाचवा : अब्राव्हानेल हॉलसाठी सॉल्ट लेक काउंटीला खुले पत्र

प्रति,
माननीय काउंटी मेयर आणि काउंटी कौन्सिलचे सर्व सदस्य,
सॉल्ट लेक काउंटी, युटा

सप्रेम नमस्कार.

२०२४ साली सॉल्ट लेक सिटीतल्या डेल्टा सेंटर या बंदिस्त क्रीडागृहाभोवती नवा क्रीडा-मनोरंजन परिसर उभारायची योजना पुढे आली आणि तिच्यासोबत अब्राव्हानेल हॉल, म्हणजे युटा सिंफनी या वाद्यवृंदाचं सभागृह, पाडण्याचीही भाषा सुरू झाली. हजारो नागरिकांनी विरोधात सह्या केल्या. तुम्ही हॉल राखण्याच्या बाजूने उभे राहिलात, त्याबद्दल मनापासून आभार. आता उरलेलं काम मात्र जास्त किचकट आहे. हॉल जागेवर ठेवायचा, त्याच्या अंगाला लागून पाडकाम, खोदकाम, बांधकाम करायचं आणि आत युटा सिंफनीची तालीम नि मैफल चालू राहायची, हे आपोआप जमत नाही. त्यासाठी कंत्राटात आकडे लिहावे लागतात. ते लिहावेत, एवढ्यासाठी हे पत्र.

आम्ही नाट्यगृहांच्या आणि सभागृहांच्या ध्वनिरचनेचं काम करणारी मराठी मंडळी आहोत. युटातल्या हॉलशी आमचा काय संबंध, असं कोणी विचारेल. या हॉलची ध्वनिरचना डॉ. सिरिल हॅरिस यांची. तो सप्टेंबर १९७९ मध्ये खुला झाला. पुढच्याच वर्षी मुंबईत नरिमन पॉइंटला एनसीपीएचं टाटा थिएटर खुलं झालं, त्याची वास्तुरचना फिलिप जॉन्सन यांची आणि ध्वनिरचना याच हॅरिस यांची. एका माणसाच्या कानाने घडवलेल्या या दोन वास्तू आहेत. त्यातल्या एकीच्या पायाशी काँक्रीट फोडणारा ब्रेकर लागणार असेल तर आम्हाला गप्प बसवत नाही. शिवाय मेट्रो आणि भुयारी मार्गांच्या कामांशेजारी असलेल्या मुंबई-पुण्यातल्या नाट्यगृहांनाही खालचं गणित जसंच्या तसं लागू पडतं. म्हणून हे पत्र मराठी वाचकांसमोरही ठेवत आहोत.

आधी जागा समजून घेऊ. हॉल साउथ टेंपल रस्त्यावर आहे. त्याला लागून सॉल्ट पॅलेस हे अधिवेशन केंद्र आणि त्याच्या पश्चिमेला रस्ता ओलांडला की डेल्टा सेंटर. हे डेल्टा सेंटर १९९१ साली बास्केटबॉल डोळ्यांसमोर ठेवून बांधलं गेलं. २०२४ मध्ये शहरात राष्ट्रीय लीगचा आइस हॉकी संघ आला. बर्फाचं मैदान बास्केटबॉलच्या मैदानापेक्षा बरंच लांब-रुंद असतं, त्यामुळे बैठकीची रचना बदलणं भाग पडलं. शहराने या परिसरासाठी अर्धा टक्का विक्रीकर वाढवला आणि त्यातून ९० कोटी डॉलरपर्यंत मदत मंजूर केली. त्यात २०३४ च्या हिवाळी ऑलिंपिकची तारीख पुढे आहे. म्हणजे काम घाईने होणार.

लोकांचं लक्ष डेल्टा सेंटरवर आहे. आमच्या मते खरा धोका त्याहून जवळ आहे. डेल्टा सेंटर हॉलपासून दोनशे मीटरहून जास्त लांब आहे, आणि हादरा अंतराबरोबर झपाट्याने विरतो. पण डेल्टा सेंटर आणि शहराचा मध्यभाग जोडण्यासाठी सॉल्ट पॅलेसचा भाग पाडून तिथे मोकळी जागा आणि नवं बांधकाम करायचं, हा या योजनेचाच हिस्सा आहे. आणि सॉल्ट पॅलेस हॉलला खेटून आहे. हॉलही काउंटीचा, सॉल्ट पॅलेसही काउंटीचा. पाडणारा आणि जपणारा मालक एकच! त्यामुळे खाजगी विकासकाची समजूत घालत बसायची गरज नाही. पाडकामाच्या अटी लिहिणारा हात तुमचाच आहे.

किती जवळ म्हणजे धोक्याचं, याचं गणित अवघड नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रान्झिट ॲडमिनिस्ट्रेशनच्या मार्गदर्शिकेत संगीत सभागृहासाठी जमिनीतल्या कंपाची मर्यादा ६५ व्हीडीबी (कंपाचा वेग डेसिबलमध्ये मांडणारं एकक) आहे, आणि त्या कंपातून आत उमटणाऱ्या आवाजाची २५ डेसिबल-ए (कानाच्या संवेदनेनुसार तोललेले डेसिबल). घरांसाठी असते त्याहून ही मर्यादा कडक आहे. त्याच मार्गदर्शिकेत प्रत्येक यंत्राचा कंप ७.६ मीटरवर किती, हे दिलं आहे. ठोकून पाइल (पायाचे खोल खांब) बसवणारा घण साधारण १०४, व्हायब्रेटरी रोलर ९४, पोकलेनचा ब्रेकर आणि मोठा बुलडोझर ८७, भरलेला डंपर ८६, हातातला जॅकहॅमर ७९. अंतर दहापट झालं की ३० व्हीडीबी कमी होतात. यावरून ६५ च्या खाली यायला लागणारं अंतर काढलं, तर घणाला सुमारे १५० मीटर, रोलरला ७० मीटर, ब्रेकर आणि बुलडोझरला ४० मीटर, जॅकहॅमरला २२ मीटर. सॉल्ट पॅलेसचा हॉलकडचा भाग पाडताना यातलं एकही अंतर मिळणार नाही. शिवाय ही आकडेमोड सर्वसाधारण जमिनीची आहे. सॉल्ट लेकचं खोरं म्हणजे प्राचीन बॉनव्हिल सरोवराचा गाळ. ओल्या, मऊ चिकणमातीत खर्जातला कंप लांबवर जातो, म्हणून प्रत्यक्ष जागेवर मोजमाप केल्याशिवाय वरच्या अंतरांवर विसंबू नये.

हा कंप पायातून भिंतीत चढतो, भिंत थरथरते आणि खोलीत आवाज सोडते. कानाला तो ठोका वाटत नाही, बहुधा ३० ते २०० हर्ट्झमधली घरघर वाटते. डबल बासची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झची, म्हणजे घरघर नेमकी तिच्याच घरात शिरते. टिंपनी (सुरात लावायचे मोठे नगारे) वाजवणारा दोन प्रवेशांच्या मध्ये कातड्याजवळ कान नेऊन हलक्या हाताने सूर जुळवतो, तो सूर घरघरीत बुडतो. स्नेअर ड्रमच्या तळाच्या तारा न वाजवताही झणझणतात. खालच्या पट्टीतला आवाज वरच्या पट्टीतल्या बारीक आवाजाला झाकतो, उलट तेवढं होत नाही. त्यामुळे नुकसान फक्त बासचं होत नाही, व्हायोलिनच्या अगदी हळू सुरांचंही होतं. मराठी वाचकासाठी सांगायचं तर, तंबोरा जुळवताना शेजारी पंप चालू असावा तशी ही गत. षड्ज लागतो, पण जवारी ऐकू येत नाही.

आता आमच्या तक्रारी.

पहिली, वेळेबद्दल. बांधकामाच्या आवाजाचे नियम सगळीकडे लोकांच्या झोपेसाठी लिहिलेले असतात: रात्री बंद, दिवसा मोकळीक. वाद्यवृंदाचं काम दिवसा चालतं. तालमी सकाळी आणि दुपारी होतात, शाळकरी मुलांचे कार्यक्रम सकाळी होतात, ध्वनिमुद्रण दिवसाही होतं. याच हॉलमध्ये सेंट-साँस या फ्रेंच संगीतकाराच्या सिंफनींचं ध्वनिमुद्रण होऊन ते हायपेरियन या ध्वनिमुद्रिका कंपनीने जगभर पोचवलं आहे. ‘संध्याकाळी मैफलीच्या वेळी काम बंद ठेवू’ हे आश्वासन ऐकायला बरं वाटतं, पण त्याने मैफलीचे दोन तास वाचतात आणि ती मैफल ज्या तालमींवर उभी असते त्या वाया जातात.

दुसरी, मोजण्याच्या पद्धतीबद्दल. ही तक्रार आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बांधकामाचा आवाज बहुधा डेसिबल-ए मध्ये आणि तासाच्या सरासरीत मोजतात. ‘ए’ ही गाळणी ६३ हर्ट्झला २६ डेसिबल वजा करते आणि ३१.५ हर्ट्झला ३९. म्हणजे ज्या पट्टीत ब्रेकरचा त्रास आहे, तीच पट्टी कागदावरून नाहीशी होते. सरासरीचं तर विचारूच नका. तासाभरात एकेका सेकंदाचे दहा ठोके, प्रत्येकी ६० डेसिबलचे पडले, तर तासाची सरासरी भरते सुमारे ३४. अहवालात ३४ दिसतात आणि अधिकारी समाधानाने सही करतात. सभागृहात मात्र दहा वेळा संगीत मोडलेलं असतं. चांगल्या सभागृहाची शांतता एनसी-१५ या वक्राने सांगतात: ६३ हर्ट्झला ४७ डेसिबल, १२५ ला ३६, ५०० ला २२, १००० ला १७. प्रत्येक पट्टीला वेगळा आकडा असतो, तो एका सरासरीत कोंबता येत नाही.

तिसरी, कंपाच्या मर्यादेबद्दल. ‘इमारतीला धोका नाही’ असं पत्र कंत्राटदाराचा सल्लागार देतो, ते खरंही असतं. आरसीसी इमारतीला तडा जाऊ नये म्हणून त्याच मार्गदर्शिकेत सेकंदाला सुमारे १२.७ मिलिमीटरची मर्यादा आहे. व्हीडीबीत मांडली तर ती १०२ होते. सभागृहाची मर्यादा ६५. फरक ३७ डेसिबलचा, म्हणजे कंपाच्या वेगात सत्तरपट. तडा न जाता सभागृह निकामी होण्याची जागा या दोन आकड्यांच्या मधे आहे, आणि नेहमीच्या कंत्राटात तिच्याबद्दल अवाक्षर नसतं.

चौथी तक्रार पाण्याची आणि फटींची. खोल खड्डा कोरडा ठेवायला भूजल उपसतात. पाणी उतरलं की चिकणमाती बसते, आणि सगळीकडे सारखी बसत नाही. हॉलची एक बाजू काही मिलिमीटर खाली गेली तरी दारांच्या चौकटी तिरक्या होतात आणि रबरी पट्ट्या बसेनाशा होतात. भिंत कितीही जाड असो, तिच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का फट उघडी राहिली की आवाजाचा एकूण रोध २० डेसिबलच्या वर जात नाही. एक दशांश टक्का फटीला ३० डेसिबल. ब्रेकर १५ मीटरवर ९० डेसिबल-ए देतो, ३० मीटरवर ८४. भिंतीने आणि दुहेरी दारांनी ५५ अडवले तर आत २९ येतात. तेही शांत हॉलला जास्तच आहेत. दार नीट मिटत नसेल तर काय होईल, ते सांगायला नको. लॉबीतल्या डेल चिहुली यांच्या लाल काचेच्या शिल्पाची सुरक्षाही याच यादीत येते. २००२ च्या ऑलिंपिकची ती आठवण पुढच्या ऑलिंपिकच्या तयारीत तडकू नये.

आणि पाचवी: खर्च. मोजणी, जादा रबरी पट्ट्या, रद्द झालेली तालीम, पर्यायी जागेचं भाडं हे सगळं शेवटी वाद्यवृंदाच्या गळ्यात पडतं असा अनेक ठिकाणचा शिरस्ता आहे. इथे तो पडू नये.

हे जमत नाही असं कोणी म्हणेल तर त्याला सिएटलचा बेनारोया हॉल दाखवावा. १९९८ साली खुला झाला, ध्वनिरचना पुन्हा हॅरिस यांचीच. त्याच्याखालून रेल्वेचा बोगदा जातो, म्हणून आतलं सभागृह रबराच्या गाद्यांवर बाहेरच्या इमारतीपासून वेगळं ठेवलं आहे. लॉस एंजेलिसमध्ये डिस्ने हॉलजवळून जाणारी मेट्रोची रीजनल कनेक्टर मार्गिका २०२३ मध्ये सुरू झाली. तिथे रूळ तरंगत्या स्लॅबवर बसवले आहेत. सिनसिनाटीच्या १८७८ च्या म्युझिक हॉलजवळ २६,००० प्रेक्षकांचं फुटबॉल मैदान आलं, तेव्हाही आवाजाच्या प्रश्नावर वाद्यवृंदाला आवाज उठवावा लागला होता. जिथे आकडे आधी ठरले तिथे काम निभावलं, हा आमच्या क्षेत्राचा अनुभव आहे. काम सुरू झाल्यावर ठरवायला गेलं की प्रत्येक आकडा ‘उशीर’ आणि ‘वाढीव खर्च’ होऊन समोर उभा राहतो.

म्हणून आमच्या मागण्या. ज्या निविदा निघायच्या आहेत त्यांत या अटी घालाव्यात, आणि जी कंत्राटं आधीच दिली असतील त्यांत पुरवणी करार करावा.

एक. काम सुरू होण्याआधी किमान चार आठवडे हॉलची मूळ शांतता आणि कंप मोजावा. तिन्ही दिशांचा कंप टिपणारे जिओफोन पायाशी, रंगमंचाच्या स्लॅबवर आणि वरच्या बाल्कनीत बसवावेत. माइक आत किमान तीन ठिकाणी हवेत. वातानुकूलन चालू आणि बंद अशा दोन्ही अवस्थांत नोंद घ्यावी, नाहीतर पुढे प्रत्येक घरघर वातानुकूलनाच्या माथी मारली जाते. साउथ टेंपलवरून धावणाऱ्या ट्रॅक्स या शहरी रेल्वेच्या गाड्यांच्या नोंदी वेगळ्या काढाव्यात, त्याच कारणासाठी. भिंती, छताचा गिलावा, दारांच्या चौकटी यांची छायाचित्रांसह तपासणी करून जुन्या भेगांवर मापपट्ट्या चिकटवाव्यात.

दोन. तालीम, कार्यक्रम आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळांत आतला आवाज प्रत्येक अष्टक पट्टीत एनसी-१५ च्या आत आणि कंप ६५ व्हीडीबीच्या आत असावा. मोजायचं ते क्षणिक कमाल मूल्य, सरासरी नव्हे. कंप ६० व्हीडीबीला पोचला की इशारा, ६५ ला काम बंद. इशारा थेट साइट इंजिनीअरच्या फोनवर जावा. काम थांबवण्याचा अधिकार हॉलच्या व्यवस्थापनाने नेमलेल्या एका माणसाकडे असावा, आणि त्याला कोणाची परवानगी मागावी लागू नये.

तीन. पाडकामाची पहिली पायरी म्हणजे तोडणं नव्हे, कापणं. सॉल्ट पॅलेसची फरशी, स्लॅब, पाइपांचे चर जिथे जिथे हॉलच्या पायाला टेकलेले असतील तिथे डायमंड करवतीने किंवा वायरने सलग काप घ्यावा, किमान ५० मिलिमीटर रुंद. मग तो काप रिकामा राखावा. इथे नेहमी चूक होते: पाडकामाचा राडारोडा फटीत पडतो, ठासला जातो आणि दोन्ही इमारती पुन्हा एकमेकींना भिडतात. कापावर झाकण हवं आणि आठवड्याला तपासणी हवी. खड्ड्याच्या भिंतींचे टेकू हॉलच्या तळघराच्या भिंतीला लावू नयेत, ही अट वेगळी लिहावी.

चार. हॉलपासून १५० मीटरच्या आत ठोकून पाइल बसवायला पूर्ण बंदी हवी. पाइल गोल भोक पाडून ओतावेत किंवा दाबून बसवावेत. ४० मीटरच्या आत ब्रेकर नको, काँक्रीट चावणारा जबडा आणि करवत वापरावी. ७० मीटरच्या आत रोलरचा कंप बंद ठेवून नुसत्या वजनाने दाबावं. थर पातळ टाकावे लागतील आणि फेऱ्या वाढतील, तेवढा वेळ वेळापत्रकात धरावा. डंपरच्या हौद्यांना रबराचं अस्तर, मागे घेताना ‘पीं पीं’ करणाऱ्या भोंग्याऐवजी खसखस करणारा भोंगा, जनरेटरऐवजी वाहिनीची वीज. भरलेले डंपर साउथ टेंपलवरून नेऊ नयेत. पत्र्याच्या आडोशाबद्दल एक इशारा: चौरस मीटरला २० किलो वजनाचा, फटी नसलेला आडोसा हवेतला आवाज १० डेसिबलपर्यंत कमी करतो, खर्जाला आणि जमिनीतल्या कंपाला त्याचा उपयोग नाही. उथळ चर खणून कंप अडवण्याचा पर्यायही कोणीतरी सुचवेल. मातीतल्या लाटेचा वेग सेकंदाला १५० मीटर धरला तर २० हर्ट्झची लाट साडेसात मीटर लांब असते, आणि चर निदान तिच्या निम्म्याहून खोल असल्याशिवाय ती अडत नाही. मीटरभर खोल चर म्हणजे वाया गेलेला पैसा.

पाच. हादऱ्याची कामं उन्हाळ्यात घ्यावीत. युटा सिंफनी उन्हाळ्यात पार्क सिटीला डिअर व्हॅलीच्या महोत्सवात वाजवते, तेव्हा हॉल तुलनेने मोकळा असतो. हॉलच्याच नूतनीकरणासाठी तो काही महिने बंद ठेवायचा झाला, तर लगतचं पाडकाम त्या महिन्यांत उरकावं. दोन्ही वेळापत्रकं काउंटीच्याच टेबलावर आहेत, ती एकमेकांशेजारी ठेवून पाहायला पैसे लागत नाहीत. उरलेल्या वर्षात वाद्यवृंदाने तीन महिने आधी तालमींची तारीखवार यादी द्यावी आणि कंत्राटदाराने त्या वेळांत रंगकाम, वायरिंग, दूरच्या टोकाची कामं ठेवावीत.

सहा. भूजलाची पातळी आणि हॉलचा पाया किती बसतो याची रोज नोंद व्हावी. दारांच्या रबरी पट्ट्या काम सुरू होण्याआधी बदलाव्यात आणि दर तीन महिन्यांनी तपासाव्यात. ताज्या हवेच्या वाटेवरच्या धूळ-गाळण्या काम चालू असेपर्यंत नेहमीपेक्षा लवकर बदलाव्यात. गाळणी चोंदली की पंखा जास्त ताणतो आणि वातानुकूलनाचा आवाज वाढतो.

सात. या सगळ्याचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात धरावा, आणि मोजणी करणारा सल्लागार कंत्राटदाराने नव्हे तर काउंटीने नेमावा. सगळी मोजमापं रोजच्या रोज लोकांना पाहता येतील अशी प्रसिद्ध करावीत.

आठ. बांधकाम संपल्यावर मधल्या मोकळ्या जागेत लाउडस्पीकर लागतील. हॉलच्या भिंतीपाशी ६३ आणि १२५ हर्ट्झच्या पट्ट्यांत कमाल किती आवाज चालेल, हे त्या जागेच्या वापराच्या परवान्यात आत्ताच लिहून ठेवावं. ध्वनिवर्धकांची तोंडं कुठे असतील हे नकाशावर ठरतं. नंतर खांब हलवायला कोणी तयार होत नाही.

या अटींचा तांत्रिक मसुदा, मोजणीच्या जागांचा आराखडा आणि कंत्राटात जसाच्या तसा घालता येईल असा मजकूर तयार करून द्यायला आम्ही विनामोबदला तयार आहोत. पाडकामाचं पहिलं यंत्र आत येण्याआधी कौन्सिलने या विषयावर एक जाहीर सुनावणी ठेवावी, आणि तिथे कंत्राटदाराबरोबर वाद्यवृंदातल्या टिंपनीवादकालाही बोलवावं.

कळावे,
आपले,
ध्वनिरचना आणि नाट्यगृहबांधणी क्षेत्रातली काही मराठी मंडळी